चंदाचा संगणक मुका झाला तो उन्हाळा

चैत्र लागला की शाळेत बाकांवर रोल नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडे येतं. दुर्गच्या एका खाजगी शाळेत मी संगणक शिकवते, आणि वार्षिक परीक्षेच्या दिवसांत संगणकाच्या मॅडमला दुसरं काही काम नसतं. डिंकाची बाटली, कात्री, एकामागून एक रिकामे वर्ग. पंखा लावला तर चिठ्ठ्या उडतात, म्हणून पंखा बंद. बोटं घामाने ओली आणि डिंकाने चिकट. बाहेरच्या रस्त्यावरून कूलरचं गवत बदलून देणारा सायकलवाला ओरडत जातो आणि त्याची हाक रिकाम्या वर्गात शिरून जरा वेळ घुमत राहते. पूर्वी मला हे दिवस आवडायचे. काही वर्षांपासून आवडेनासे झालेत.

यंदा अशाच एका सकाळी फोनवर एक ईमेल आलं. लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका ईमेल गटात मी कॉलेजपासून आहे. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकट आणि खुली प्रणाली, कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. जगभरातली माणसं तिचे वेगवेगळे तुकडे लिहितात आणि ते तुकडे जोडून तिचे निरनिराळे संच तयार होतात. बातमी अशी होती की सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या डेस्कटॉपपैकी एक, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, मेनू, चित्रं हे सगळं, आता यापुढे एकाच विशिष्ट 'इनिट'वर, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवर, पूर्ण विसंबणार. ज्या संचांमध्ये तो इनिट नाही त्यांनी आपलं आपण पाहावं. बातमीखाली भांडण सुरू झालेलं होतं. दुपारच्या डब्यापर्यंत ऐंशीच्या वर उत्तरं. त्यांत एकाने लिहिलं होतं, याने नेमकं कुणाचं काय बिघडणार आहे? दोन्ही बाजूंनी तत्त्वं पुष्कळ झाली, एक तरी खरा माणूस दाखवा.

हातातली चिठ्ठी मी तशीच बाकावर ठेवली. मला एक खरा माणूस माहीत होता. चंदा मेश्राम. पण तिच्याविषयी लिहायचं तर आधी स्वतःविषयी लिहावं लागलं असतं, आणि ते मी दहा-अकरा वर्षं टाळत आले होते.

चंदाला बावीस वर्षांपर्यंत दिसत होतं. मग काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधला भाग. तिचे वडील रेल्वेत कीमॅन होते. रोज हातोडा घेऊन रुळावरून मैलोन्‌मैल चालायचे, सैल झालेल्या चाव्या ठोकायचे. उमरेडकडून भिलाईत आलेले. वैशाली नगरात दोन खोल्या, पुढे ओसरी, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. समोरच्या खोलीत निळ्या कोटातला तो फोटो, आणि त्याच्याखाली चंदाची जुनी पुस्तकं, जी तिला आता नुसती हातात धरता येत होती. आई लवकर गेलेली. भाऊ संजय रेल्वेतच, दुर्ग स्टेशनवर. त्याची मुलगी आमच्या शाळेत. पालकसभेच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला.

"मॅडम, कॉम्प्युटर बोलते म्हणतात, ते खरं आहे का जी? माझी बहीण आहे घरी. तिले दिसत नाही. दिवसभर बसून राहते."

पुढच्या रविवारी मी एक जुना संगणक स्कूटरवर बांधून वैशाली नगरला नेला. त्यावर लिनक्स टाकलेलं होतं आणि पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा वाचक. चंदाने आधी कीबोर्डवरून हात फिरवला, एकेक कळ न दाबता. मग एक दाबली. संगणक हिंदीत बोलला, सपाट, नाकातला, लोखंडी आवाज. ती दचकली आणि मग खूप हसली.

"हा तं स्टेशनवाल्या अनाउन्सरचा भाऊ आहे, बाबा!"

मेश्राम काका दारात उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत घातला आणि मला विचारलं, "चहा घेणार का, ताई?"

सहा महिन्यांत चंदा त्या आवाजाचा वेग वाढवत वाढवत कुठल्या कुठे घेऊन गेली. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. फोडणीत मोहरी तडतडते तसं काहीतरी ऐकू यायचं, आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र वाचणाऱ्या माणसाची ती शांतता. मी पुस्तकं स्कॅन करून तिला देत गेले. लेखनिक घेऊन तिने बी.ए. पूर्ण केलं. मग तिने एका सरकारी कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी अर्ज भरला. जागा एकच, दृष्टिहीन उमेदवारांसाठी राखीव. वयाची अट अशी की त्या उन्हाळ्यानंतर तिला पुन्हा बसता येणार नव्हतं.

तो उन्हाळा अंगावर आहे अजून. शाळा सुटली की मी पद्मनाभपुरच्या घरी न जाता थेट वैशाली नगरचा रस्ता धरायची. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांत भिलाईच्या पोलाद कारखान्याकडून येणारी तांबडी धूळ. झाडांच्या पानांवर ती इतकी बसलेली असायची की हिरवा रंग कुठला हे विचारावं लागे. मधल्या मोकळ्या जागेत मोहाची दोन झाडं होती, त्यांच्याखालून जाताना तो गोड, जरासा आंबूस वास एकदम येऊन अंगावर पडायचा. चंदाच्या घरी पोचलं की शेजारच्या साहू काकूंनी वाटीभर बोरे-बासी पाठवलेली असे, रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि कैरीची फोड. चंदा म्हणायची, "खाऊन घ्या आधी, ऊन उतरू द्या डोक्यातलं." मग कूलर बंद करायचा, कारण कूलरच्या घरघरीत संगणकाचा आवाज ऐकू येत नसे. आम्ही तिघं घामात बसायचो. ती ऐकायची, मी पानं स्कॅन करायची, काका चिंच फोडत बसायचे.

आता भांडणाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संगणक सुरू केल्यावर सगळ्यांत आधी जो प्रोग्रॅम जागा होतो तो इनिट. तो बाकीच्यांना उठवतो. पूर्वी त्याचं काम तेवढंच असायचं, आणि पडद्यावरच्या डेस्कटॉपला तो कोणता आहे याच्याशी काही देणंघेणं नसे. मग एक नवा इनिट आला, सिस्टमडी नावाचा. तो उठवण्याच्या पलीकडे बरंच काही करू लागला. संगणकासमोर आत्ता कोण बसलंय, आवाजाचा मार्ग कुणासाठी मोकळा करायचा, बंद करायचा अधिकार कुणाला, असली कामं त्याच्याच सोबतचे प्रोग्रॅम सांभाळू लागले. डेस्कटॉप लिहिणाऱ्यांना ते सोयीचं झालं आणि ते त्यावर टेकले. बरेचसे संच भराभर त्या नव्या इनिटकडे गेले. ज्यांना ते पटलं नाही ते चिडले. आज डेस्कटॉप टेकला, उद्या सगळंच टेकेल, मग निवड कुठे उरली, असा तो राग होता.

मी चिडलेल्यांमध्ये होते. चांगलीच. माझे वडील त्याच पोलाद कारखान्यात क्लार्क होते. वरून जो कागद येईल त्यावर सही करून पुढे पाठवायचा, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं, आणि मी तसं करणार नाही असं फार लहानपणी ठरवलं होतं. लिनक्स मला त्यासाठीच आवडलं होतं. इथे कुणी वरून कागद पाठवत नाही. आणि आता तसंच होतंय असं वाटलं. मी गटात लांबलचक ईमेल लिहायची. जुना इनिट राखणाऱ्या, फुटून निघालेल्या एका संचात मी सामील झाले. आधी माझा लॅपटॉप बदलला, मग शाळेतले दोन संगणक. आणि मग, माघ संपता संपता, चंदाचा.

मी तिला विचारलं नाही. "नवीन टाकून राहिली," एवढंच म्हटलं.

"बोलेल ना?" तिने विचारलं.

"बोलेल ना. कावून नाही बोलणार?"

आणि तो बोलला. दोन महिने व्यवस्थित बोलला. त्या डेस्कटॉपला वाटायचं की नवा इनिट आहे. खरं तर त्याच्या जागी कुणीतरी लिहिलेला एक छोटा तुकडा बसवलेला होता, जो नव्या इनिटचं सोंग घ्यायचा. ते सोंग जोवर पुरत होतं तोवर सगळं ठीक. एका दुपारी मी नेहमीसारखी नवी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, उतरवली. डेस्कटॉप एक पाऊल पुढे गेला आणि तो तुकडा मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत चंदाचा फोन.

"ताई, हे उठूनच नाही राहिलं."

मी गेले तेव्हा ती स्पीकरला कान लावून बसली होती. पडद्यावर राखाडी रंग होता आणि काहीतरी बिघडलं असल्याचं सांगणारं एक इंग्रजी वाक्य. तिच्यासाठी तेही नव्हतं. ती एक कळ दाबायची, थांबायची, दुसरी दाबायची. दार ठोठावून आत कुणी आहे का याचा अंदाज घेतात तसं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला त्याच क्षणी दिसल्या होत्या, हे मी आज सांगू शकते. एक, नवा इनिट असलेला आधीचाच संच परत टाकायचा. त्याची तबकडी माझ्या कपाटात होती. दीड तासाचं काम. दुसरी, तो मागे राहिलेला तुकडा दुरुस्त करायचा, गटातल्या माणसांना विचारत, त्यांच्या उत्तरांची वाट पाहत.

"मोठा बिघाड आहे," मी म्हटलं. "दोन दिवस दे मले."

दोनाचे चार झाले. मी रोज दुपारी जायची, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची आणि चंदा शेजारी पाटावर बसून कळांचा आवाज ऐकायची. एका दिवशी दुसरा एक हलका डेस्कटॉप टाकून पाहिला. आवाज आला. पण वाचकाचं त्याच्याशी जुळत नव्हतं. मेनू वाचायचा, फाइल उघडली की गप्प व्हायचा. चंदाने दहा मिनिटं प्रयत्न केला आणि हात मांडीवर घेतले.

मला वाटलं तिला समजावून सांगावं. मी सांगू लागले, घरात सगळ्यांत आधी उठणारं एक माणूस असतं, ते बाकीच्यांना उठवतं, आता त्या माणसाने सगळ्या घराचाच ताबा घ्यावा का, असं ते भांडण आहे.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी कोण उठते त्याच्याशी मले काय करायचं आहे, ताई? मी उठते तवा चहा पायजे."

मी हसले. ती हसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं, पण मी तिकडे पाहिलं नाही.

संजय ड्यूटीवरून यायचा, बूट काढता काढता म्हणायचा, "मॅडम, सीधा विंडोज डाल दो ना. क्या फर्क पड़ता है?" त्या वाक्याचा मला राग यायचा. इतका राग की त्या रागाखाली मला माझं दुसरं सगळं झाकता यायचं. काय फरक पडतो, असं विचारणाऱ्या माणसांमुळेच तर सगळं हातातून जातं, असं मनात म्हणत मी पुढची आज्ञा टाइप करायची.

आणि काका वाचायला लागले.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. एका दुपारी मी पोचले तर ओसरीत चटईवर ते बसले होते, मांडीवर सामान्य ज्ञानाचं जाडं पुस्तक, ओळीखाली बोट. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीत. पुस्तक हिंदी. चंदा त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. ज्या मुलीने ताशी शे-दोनशे पानांच्या वेगाने ऐकायची सवय केली होती, ती आता एका शब्दासाठी थांबत होती.

"सं... संवै... धानिक," काका म्हणाले. "संवैधानिक उप... काय आहे हे? उप-चार."

"उपचार, बाबा. पुढं."

"उपचारों का अधि-कार."

उन्हाची झळ ओसरीपर्यंत येत होती. काकांच्या गळ्यावरून घाम वाहत होता. ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबायचे आणि चंदाकडे बघायचे, कळलं का म्हणून. ती मान हलवायची. साहू काकू भिंतीवरून डोकावल्या. "का होगे, बहिनी? मशीन बिगड़ गे का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, बिघडलंय. मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत हे वाक्य एकसारखंच आहे. बिघडलंय. त्यात कुणी बिघडवलं ते यावं लागत नाही.

आठवडा उलटून गेला. काकांचा घसा बसला. मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करून ते परत बसायचे. एका दुपारी गेले तर वाचन चालू होतं पण आवाज नव्हता. त्यांचे ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती, आणि चंदा पुढे वाकून ती हवा ऐकत होती. त्यांनी मला पाहिलं. पुस्तक मिटलं. बोट मात्र आत ठेवलं, पान हरवू नये म्हणून.

मी स्कूटर वळवली, पद्मनाभपुरला गेले, कपाटातून तबकडी काढली आणि परत आले. दीड तास. सव्वा पाचला संगणक बोलला. तोच सपाट, नाकातला आवाज. काका खोलीबाहेर निघून गेले. चंदाने वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि मोहरी तडतडायला लागली. ती हसली नाही. बसल्या जागी ऐकायला लागली, जेवायला उठवेपर्यंत.

गटात मी लिहिलं की काही अडचणींमुळे एक संगणक परत फिरवावा लागला. दोघांनी सहानुभूती दाखवली.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर थांबले होते, गुलमोहराच्या अपुऱ्या सावलीत. संजय तिला हात धरून बाहेर घेऊन आला. कसा गेला, मी विचारलं.

"गेला," ती म्हणाली. मग रस्ता ओलांडताना, "संविधानवाला भाग बाबाच्या आवाजात आठवून राहिला होता. बाबा जिथं अडखळले ना, तिथंच मी बी अडखळली."

निकाल आषाढात लागला. तिचं नाव नव्हतं. किती गुणांनी गेलं ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण यादीत एकच नाव होतं, निवडलेल्याचं. ते आठ-दहा दिवस तिला मिळाले असते तर ती लागली असती का? माहीत नाही. कदाचित नसतीही. एका जागेसाठी किती जण बसले होते, कोण जाणे. या 'माहीत नाही'चा मला सुरुवातीला फार आधार होता. रात्री-बेरात्री मन खायला उठलं की मी त्याच्या आड जाऊन उभी राहायची. पुढे पुढे तो आधार पुरेनासा झाला. माहीत नाही, म्हणजे नाहीच माहीत. म्हणजे माझ्यामुळे नाही, असं थोडंच आहे?

आणि गंमत, गंमत कसली, त्रास हा, की त्या भांडणात मी चूक होते असंही मला वाटत नाही. यंदा आलेली बातमी तेव्हा आम्ही सांगत होतो तीच आहे. डेस्कटॉप एका इनिटवर टेकत टेकत पूर्ण टेकला. आम्हाला जे दिसत होतं ते खरं होतं. फक्त ते बघताना आम्ही, निदान मी, कुणाच्या अंगावर पाय देऊन उभी होते ते मला दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. दिसलं, आणि मी पाय हलवला नाही. चंदाने मला कधी म्हटलं नव्हतं की तिला निवडीचं स्वातंत्र्य हवंय. तिच्या वतीने ते मी मागत होते, आणि त्यासाठी तिची एकमेव निवड, आज अभ्यास करायचा की नाही ही, मी तिच्याकडून काढून घेतली होती.

काका चार वर्षांपूर्वी गेले. वैशाली नगरचं घर सोडून संजय दुर्गातच बोरसीला राहायला आला, चंदा त्याच्याकडे. आता तिच्या हातात फोन असतो, तो बोलतो. नव्याने दृष्टी गेलेली माणसं तिच्याकडे येतात, फोन कसा ऐकायचा ते शिकायला. तो जुना संगणक केव्हाच भंगारात गेला. मी वर्षातून दोन-तीनदा जाते. गप्पा होतात, शाळेच्या, संजयच्या मुलीच्या लग्नाच्या, भाजीच्या. त्या उन्हाळ्याचं नाव आम्ही कधी काढलं नाही.

ईमेल आलं त्या दिवशी उरलेल्या चिठ्ठ्या कशाबशा लावून मी दुपारी बोरसीला गेले. चंदा एकटीच होती. दार उघडून म्हणाली, "या, ताई." माझी पावलं तिला ओळखू येतात. मला पाणी दिलं, समोर बसली. मी फार वेळ लावला नाही. लावला असता तर बोलणं झालंच नसतं.

"चंदा, परीक्षेच्या वेळेस तुझा कॉम्प्युटर बंद पडला होता."

"हो."

"तो मी पहिल्याच दिवशी चालू करू शकत होती. दीड तासाचं काम होतं. तुले खोटं सांगितलं मी, मोठा बिघाड आहे म्हणून."

ती म्हणाली, "मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुमीच. तुमी ओसरीत उभ्या राहून कोणाशी तरी फोनवर बोलून राहिल्या होत्या. वो वाला वापस डाल दूँ तो आज ही चल जाएगा, लेकिन फिर हम हार गए समझो. असं म्हटलं तुमी. माझे डोळे गेले, ताई. कान तं आहेत ना."

मला तो फोन आठवतच नव्हता. अजूनही आठवत नाही.

"मंग तू बोलली कावून नाही?"

"काय बोलू? कॉम्प्युटर तुमीच आणला. रोज उन्हात येणं तुमचं. मले वाटलं, यांची काही मोठी लढाई चालू आहे. तिच्यात आपला पेपर कुठं आडवा घालायचा."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली ठेवली, पाणी आधी पत्र्यावर आणि मग पाण्यावर पडायला लागलं. मी माफ कर म्हटलं.

"राग आला होता," ती म्हणाली. "बाबाचा घसा बसला तवा लय आला होता. आता कमी आहे. पण नाही म्हणणार नाही मी. आहे." मग तिने विचारलं, "आज कावून काढलं हे?"

मी तिला ईमेल वाचून दाखवलं. एक तरी खरा माणूस दाखवा, इथे आले तेव्हा तिने मान वर केली.

"मंग दाखवा ना. मी आहे. नाव टाकून लिहा, पुरं नाव."

"कोणाच्या बाजूने लिहू, चंदा? हे लोक विचारतील. त्यांच्याही बाजूचं आहे तुझं, आमच्याही."

"बाजूने कावून? जे झालं ते लिहा."

मी तिथेच बसून फोनवर लिहायला घेतलं. इंग्रजीत, कारण त्या गटात इंग्रजीच चालतं. पहिल्या वाक्यात मी चंदा कोण ते लिहिलं. दुसऱ्या वाक्यात लिहिलं की परीक्षेच्या तोंडावर काही अडचणींमुळे तिचा संगणक बंद पडला. मग ती म्हणाली, "मले पाठवा, मी ऐकते," म्हणून पाठवलं. तिने तिच्या फोनवर ते लावलं, नेहमीच्या वेगाने. मला एक अक्षर कळलं नाही. तिने परत लावलं, या वेळी एकदम हळू, मलाही ऐकू यावं इतकं हळू, आणि दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून थांबवलं.

"हे 'सम प्रॉब्लेम' काय आहे? प्रॉब्लेम आपोआप आला होता का?"

मी ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं, आणि या वेळी सुरुवातीला 'मी' लिहिलं. तिला पाठवलं. ती ऐकत राहिली, फोन कानाशी, चेहरा खिडकीकडे.

"हं," ती म्हणाली. "आता पुढचं लिहा."